जाऊबाईंच्या बांधीतली पिवळी रेघ

१६ नोव्हेंबर. सकाळपासून तिन्ही गाड्यांच्या सीटची कव्हरं काढून अंगणात भिजत घातली आहेत. तुळशीचं लग्न लागलं, आता माणसांची लागतील, आणि वऱ्हाडातली माणसं गाडीचं इंजिन कधी बघत नाहीत. सीटवर हात फिरवून बोटं बघतात. टबातलं पाणी पहिल्याच पिळण्यात चहासारखं झालं. ही रस्त्याची धूळ नव्हे. रस्त्याची धूळ लाल असते आणि साबण लागला की सोडून देते. ही धानाची. बारीक, पिवळट, अंगाला लागली की खाजणारी. तिला गरम पाणी लागतं, ब्रश लागतो आणि वर थोड्या शिव्याही लागतात.

हलकं, लवकर पिकणारं धान दिवाळीआधीच घरात आलं. भारी, उशिराचं धान अजून बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, उभं आहे, लोंब्या खाली मान घालून. सकाळी तलावावरचं धुकं मातीच्या बांधाची पाळ ओलांडून गावात शिरतं, त्याला धानाच्या ओल्या तणसाचा, चिखलाचा आणि कुणाच्या तरी चुलीवरच्या नव्या तांदळाचा वास असतो. या वासानं लोक हळवे होतात म्हणे. माझं तसं काही होत नाही. मला या वासानं मागचा हंगाम आठवतो, आणि मागचा हंगाम आठवला की डोकं तापतं.

कव्हरं पिळत असतानाच पूजाचा फोन आला. हात साबणाचे होते म्हणून स्पीकरवर टाकला. शेजारी खेमराज, माझा जुना ड्रायव्हर, ब्रशनं कव्हर घासत बसला होता.

“मैडम, ती पाळीजवळची लाइन आहे ना आपली, तिचं फायनल करायचंय. उद्या सकाळपर्यंत सांगा. रस्ता आहे की नाही?”

“तूच सांग. तुझा डबा हुशार आहे.”

“डबा तो बोल रहा है की आहे. म्हणून तर तुम्हाला विचारतेय.”

पूजा गोंदियाची. बाजाराजवळच्या गल्लीत वाढलेली, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारी. नागपूरच्या एका लहान कंपनीत ती काम करते. त्यांना आमच्या भागातल्या ड्रायव्हरांसाठी रस्ता सांगणारं यंत्र तयार करायचं होतं. आकाशातल्या उपग्रहावरून गाडी कुठे आहे ते ओळखायचं आणि पुढे कुठे वळायचं ते सांगायचं. असं यंत्र फोनमध्येही असतं, पण कोहमाऱ्याचा हायवे सोडून आत जंगलाच्या पट्ट्यात शिरलं की फोनची रेंज जाते आणि फोन मुका होतो. पूजाचा डबा रेंजविना चालणार होता. त्यासाठी आधी आतल्या सगळ्या वाटा त्यात भरायच्या होत्या, आणि त्या भरायला रोज त्याच वाटांनी फिरणाऱ्या गाड्या हव्या होत्या.

माझ्या तीन जीप कोहमाऱ्याहून आतल्या गावांना चालतात. गाड्या माझ्या, शेती ह्यांची, अशी आमच्या घरातली वाटणी आहे आणि ती ठीक चालते. मागच्या वर्षी ऐन कापणीच्या तोंडावर पूजा आली, ओसरीत बसली आणि म्हणाली, डबे फुकट बसवून देऊ.

फुकट म्हटल्यावर मी चहा द्यायचा थांबवला. “आणि बदल्यात काय घेणार?”

“काही नाही मैडम. तुमची गाडी जिथून जाईल ती वाट. बस.”

कुणी आपली वाट फुकट घेऊन जातं तेव्हा ती कुणाला तरी विकायचीच असते, एवढं मला कळतं. पण तिनं ते लपवलं नाही. यंत्र चाललं की विकणार, म्हणाली. त्या सरळपणामुळे मी हो म्हटलं. चहाही दिला.

गावाला मात्र हा सरळपणा पटेना. डबे बसले त्या आठवड्यात तीन गोष्टी पसरल्या. पहिली, हा जमीन मोजायचा डबा आहे, मोजून झाली की जमीन जाणार. दुसरी, जंगलातून लाकूड कोण आणतं ते बघायला हा बसवला. तिसरी ड्रायव्हर मंडळींची, की वैनी आता घरबसल्या आपल्यावर नजर ठेवणार. पहिल्या दोन गोष्टींचं मला माहीत नाही. तिसरी खरी होती. डब्यातलं सिम रेंजमध्ये असलं की माझ्या फोनवर तिन्ही गाड्यांचे तीन ठिपके दिसायचे. गाडी माझी, डिझेल माझं, बघणारच. एखादा ठिपका धाब्यापाशी जरा जास्त रेंगाळला की मी फोन लावायची, “काऊन थांबला गा?” असल्या प्रश्नाला कुणीही खरं उत्तर देत नाही, हे मला माहीत होतं. उत्तरासाठी फोन करत नव्हतेच मी. मी बघतेय एवढं त्यांना कळावं म्हणून करत होते.

डबा बोलायचा तो आवाज आधी पुण्याकडच्या कुण्या बाईचा होता. “थोड्या अंतरावर उजवीकडे वळावे.” पहिल्या दिवशी खेमराजनं तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाला, “वैनी, ही बाई कोठची वो? नव्यानं सासरी आल्यावानी बोलून राहिली.” पूजानं मग सुचवलं, मैडम, तुमचाच आवाज घेऊ. त्यावर तिन्ही ड्रायव्हर एका सुरात नको म्हणाले. खेमराजनं कारणही सांगितलं, “घरी बायको, फोनवर वैनी, आता डब्यातबी वैनी? मंग मानसानं झाडाले गाडी ठोकावी का?” शेवटी अर्जुनीकडच्या एका बँडवाल्याचा आवाज घेतला. तो वळण आलं की लग्नात नाचायला बोलावल्यासारखा सांगतो, पण लोक ऐकतात.

तो हंगाम मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. थंडीत सुरू न होणारी गाडी, तिला ढकलणाऱ्या बाया, डोक्यावर डब्याचं गाठोडं आणि कंबरेला ईळा. कापून पसरलेल्या धानाच्या कडपा, दुपारच्या उन्हात वाळताना बारीक कुरकुर करणाऱ्या. पाळीवरून आवाज न करता उडणारे बगळे. संध्याकाळी पुंजण्यांच्या, धान रचलेल्या गंज्यांच्या, सावल्या लांब होत होत आमच्या अंगणापर्यंत याव्यात इतक्या. आणि या सगळ्याच्या मधोमध ओसरीच्या पायरीवर बसलेली मी, हातात फोन, पांढऱ्या पडद्यावर तीन ठिपके. आमच्या भागाचा नकाशा तेव्हा कोरा होता. ठिपके कागदावरच्या मुंग्यांसारखे हलायचे. त्या वर्षी कुणाचं धान कधी कापलं ते मला आठवत नाही. खेमराजचा ठिपका दिवसभर न थांबता हलत होता, हे आठवतं. माणूस सुधारला, असं मी ह्यांना बोललेही होते.

इथे बांध्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे तलावाखाली धानाच्या बांध्या एकीला एक लागून असतात. मध्ये फक्त धुरे, म्हणजे पाणी अडवायचे मातीचे बांध. आतल्या बांधीला रस्ता नसतो. चिखलात रोवणी करायला पायी जाता येतं, पण कापलेलं धान बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टर जातो तो बाहेरच्याच्या बांधीतून. बाहेरच्याचं धान आधी कापलं जातं, तो आपला धुरा एका जागी फोडून देतो, मग आतल्यांचे ट्रॅक्टर त्याच्या कापलेल्या बांधीतून ये-जा करतात. सगळ्यांचं धान निघालं की तो धुरा बांधतो आणि त्यावर बोराटीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, टाकतो. काटी पडली की वाट संपली. पुढच्या कापणीपर्यंत तिथे वाट होती असंही कुणी म्हणत नाही.

बाहेरची बांधी माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे. आतली आमची. भावाभावांच्या वाटणीत असं आलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत चहा होतो पण साखर कमी असते. मोठे भाऊजी गेल्यावर त्या एकट्या शेती बघतात. डबे यायच्या आधीच्या एका कापणीला अवकाळी पाऊस आला. जाऊबाईंना मजूर मिळाले नव्हते, त्यांचं धान उभं, म्हणून वाट बंद, आणि आमच्या कडपा पाण्यात. लोंबीतल्या दाण्यांना हिरवे कोंब फुटले. तो आंबूस वास कापणीच्या वासासारखाच असतो, फक्त थोडा पुढे गेलेला. तेव्हा हे म्हणाले होते, “इथं पक्का रस्ता पाहिजे होता.” मी ते लक्षात ठेवलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्यात मला ह्यांचा हात दिसला.

झालं ते असं. महाशिवरात्रीला अर्जुनीकडच्या प्रतापगडला जत्रेची गर्दी असते. देवरीकडच्या एका मालकाच्या जीपमध्येही पूजाचा डबा होता. तो ड्रायव्हर आमच्या भागात नवा. जीप भाविकांनी भरलेली, रस्त्यावर खोळंबा, आणि डब्यातला बँडवाला उत्साहानं म्हणाला, डावीकडे घ्या. तिथे पडद्यावर जाडजूड पिवळी रेघ होती, अशी की तालुक्यातला सगळ्यात चालता रस्ता तोच असावा. ड्रायव्हरनं काटी बघितली, पण कुठली तरी फांदी पडली समजून बाजूला केली आणि जीप उतरवली. उतरवली ती जाऊबाईंच्या बांधीत. उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच झालेली, पाणी भरलेलं. चाकं बुडाली तशी भाविक बाया चपला हातात घेऊन उतरल्या आणि उरलेले परहे, म्हणजे धानाची रोपं, त्यांच्या पायांखाली गेले.

मी पोहोचले तेव्हा जाऊबाई धुऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरला काही म्हटलं नाही. मला म्हटलं.

“झालं वो समाधान? मोबाइलमधून रस्ता काढला माझ्या बांधीतून?”

“बाई, मला काहीही माहीत नाही.”

“तुले माहीत नाई? दिवसभर कोण पाहत बसते पायरीवर? आतली बांधी कोनाची आहे? माझी का?”

आतली बांधी आमचीच होती, रस्त्याचा फायदा आमचाच होता, आणि नकाशा करणारी मुलगी आमच्याच ओसरीत चहा पीत होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि जरा जोरात. संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, “तुम्ही खेमराजला सांगितलं होतं का, त्या बांधीतून गाडी ने म्हणून?” हे म्हणाले, नाही. पण म्हणण्याआधी पानाचा देठ खुडत बसले. देठ खुडत दिलेल्या ‘नाही’वर माझा विश्वास बसत नाही. पूजानं ती रेघ तात्पुरती झाकून ठेवली, पण तेव्हापासून जाऊबाई आमच्याकडे आल्या नाहीत, आणि मी घरात ह्यांच्यावर लक्ष ठेवून राहिले.

माझं यंत्रांबद्दल फारसं वाईट मत नाही. यंत्र जे दिसतं ते धरून ठेवतं. वाट किती वेळा चालली हे त्याला कळतं. ती कुणाला विचारून चालली, हे त्याला कळत नाही. पण ते तर माणसांनाही दोन पिढ्यांनंतर कळेनासं होतं. आमच्या गावातला पंचायतीपुढचा रस्ता कुणाच्या तरी बांधीतूनच गेला असणार. कुणी तरी एका हंगामापुरतं हो म्हटलं असणार, मग काटी टाकायला विसरला असणार, किंवा टाकली तर कुणी उचलली असणार. आता तिथे डांबर आहे.

तर आज पूजाचा फोन स्पीकरवर होता.

“मैडम, एक और बात. या लाइनवर सगळे चक्कर एकाच डब्याचे आहेत. दुसरी कोणतीच गाडी नाही. आणि स्पीड गाडीची नाही वाटत. ट्रॅक्टर जैसी है.”

खेमराजचा ब्रश थांबला. मी पूजाला म्हटलं, करते थोड्या वेळानं, आणि त्याच्याकडे वळले.

“बोल.”

“बोलतो वैनी. पण आधी तो टब बाजूले ठेवा.”

“खेमराज.”

“तुमी दिवसभर मोबाइल पाहत बसत होत्या न. धाब्यावर दोन घोट चहा घ्यावा तं फोन. लघवीले गेलो तं फोन. मंग मी डबा काढला न साळ्याच्या ट्रॅक्टरले चिपकवून देला. चुंबकाचाच तं होता. ट्रॅक्टर दिवसभर धान वाहून राहिला, जाऊबाईच्या बांधीतून आत, आतून बाहेर. तुमी खूश, मी खूश, डबाबी खूश.”

“आणि तू कुठे होतास?”

“धाब्यावरच. तेच तं सांगून राहिलो.”

मला हसू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. हातातलं कव्हर त्याच्याकडे फेकलं आणि तिन्ही गाड्यांची एकट्यानं धू म्हणून सांगितलं. “एवढ्यावरच सुटलो न?” तो म्हणाला. सुटला नव्हता, पण ते त्याला पगाराच्या दिवशी कळेल.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे घास तसाच धरून बसले. “म्हंजे शिवरात्रीपासून तू माझ्यावर डोळे वटारून राहिली ते फुकटच?”

“वटारले नाहीत. लक्ष ठेवलं. देठ कशाला खुडत होतात मग?”

“पान खाऊन राहिलो होतो वो. पान खाताना मानूस देठ नाई खुडत तं काय करते?”

यावर वाद घालण्यासारखं नव्हतं. पण हे थोडं थांबले आणि म्हणाले, “तरी पाहा. कोणी मुद्दाम नाई केलं. आपोआप पडली रेघ. आता आहे तं राहू दे. नकाशात रस्ता दिसला की कधीतरी पंचायतवाले मुरूम टाकतील. एकदा मुरूम पडला की झाला रस्ता. आपल्या कडपा परत भिजायच्या नाईत.”

हा माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच अडचण होती. मी ताटावरून उठले आणि मागच्या दारात उभी राहिले. भारी धानावर ऊन होतं. आमची बांधी जाऊबाईंच्या बांधीच्या पलीकडे दिसते. तिचा रंग जरा जास्त गडद, म्हणजे ती आधी कापायला आली आहे. आकाशात पातळ ढग होते, असेच ढग त्या अवकाळीच्या वर्षीही होते. पूजाला एक ‘हो’ सांगायचा होता. कुणाला खोटंही वाटलं नसतं; यंत्राकडे पुरावा होता.

पण मला त्या जत्रेच्या जीपची चाकं आठवत होती. यंत्रानं दिलेला रस्ता एकट्या आपल्याला मिळत नाही. हायवेवर खोळंबा झाला की कोहमाऱ्याकडून ट्रकही त्याच पिवळ्या रेघेनं येतील, आणि जाऊबाईंची बांधी संपल्यावर ते थांबणार नाहीत. पुढची बांधी आमचीच आहे. आणि समजा, कुणीच आलं नाही, फक्त आमचाच ट्रॅक्टर गेला, तरी जाऊबाई धुऱ्यावर उभ्या राहून बघतीलच. त्यांचं मागच्या वेळचं बोलणं खोटं होतं. ‘हो’ म्हटल्यावर ते खरं झालं असतं. खोट्या आरोपाखाली मी आठ-नऊ महिने काढले. खऱ्याखाली काढायची माझी तयारी नव्हती.

मी पूजाला फोन लावला. “रस्ता नाही तो.”

“हंगामी टाकू का मैडम? महिने सांगा, तेवढेच दिसेल.”

“महिने कुठून सांगू? पीक कधी कापतात, मजूर कधी मिळतात आणि जाऊबाईंचा राग कधी उतरतो, यावर ती वाट आहे.”

पूजा हसली. “मग प्रायव्हेट टाकते. मालकाची परवानगी. पण फिर किसी को नहीं दिखेगा. तुम्हालाही नाही.”

“टाक.”

“पक्कं?”

“टाक म्हटलं न.”

फोन ठेवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. बांधी होती तिथेच होती आणि ढगही.

उन्हं उतरल्यावर जाऊबाईंकडे गेले. त्या ओसरीत उडदाच्या शेंगा सोलत होत्या. बस म्हटलं नाही, पण सूप जरा ओढून जागा केली.

“काय वो, आज काऊन? मशीन बिघडली का?”

“मशीन ठीक आहे. तुमच्या बांधीतली रेघ काढून टाकली.”

“तूच टाकली होती?”

मी खेमराजची, ट्रॅक्टरची आणि धाब्याची सगळी गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. शेंगा सोलत ऐकत राहिल्या, मध्येच एक किडकी निघाली ती अंगणात टाकली.

“यात तुझ्या घरच्या मानसाचा हात नाई?”

“नाही.”

“नाई म्हणतेस न. बरं.”

म्हणजे विश्वास बसला नव्हता. तो बसावा म्हणून मी गेलेही नव्हते. मी म्हटलं, “बाई, यंदा वाट देता का?”

त्यांचे हात थांबले. वाटणी झाल्यापासून हे मी स्वतः कधी विचारलं नव्हतं. कधी हे विचारायचे, कधी ट्रॅक्टरवाला. जाऊबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, भाजीवालीच्या काट्याकडे पाहावं तसं.

“माझं धान उभं आहे. मजूर भेटून नाई राहिले. उभ्या धानातून वाट कशी देऊ? घाई तुले आहे. ईळा घेऊन ये सकाळी.”

“येते.”

“येशील वो. मोबाइलवर कापशील.”

१७ नोव्हेंबर. सकाळी मी फोन घरी ठेवला, ह्यांच्या ईळ्याला धार लावून घेतली आणि धुकं असतानाच पाळीखाली उतरले. जाऊबाई माझ्या आधी आल्या होत्या. त्यांनी मला धुऱ्याकडची पट्टी दिली, जिथे गवत जास्त आणि धान आडवं पडलेलं. मी तीच धरली. दवानं हात गार पडले, मग कंबर बोलायला लागली, मग तीही गप्प झाली. पट्टीच्या टोकाला पोहोचून मागे वळले तर जाऊबाई आपलं काम सोडून माझ्या कडपा उचलून बघत होत्या, खाली धानाचं बूड किती उंच राखलं ते. मी पुन्हा वाकले, आणि दुसरी पट्टी धरण्याआधी त्यांची कुठवर आली आहे ते बघून घेतलं.